आठ जणांचा मिळून कॉमिक्स अंक, मेळ्याला सहा आठवडे: पानांचा हिशोब आणि छपाई कशी जमवावी?

रेघोट्या:

मंडळी, आमच्या गटातले आठ चित्रकार मिळून एक छापील अंक काढतोय. सहा आठवड्यांनी कॉमिक्स मेळा आहे, तिथं अर्धं टेबल मिळालंय. अंक ए५ आकाराचा, आतून काळा-पांढरा, मधोमध दोन पिना. मूळ चित्रं ए४ वर काढणार.

२४ पानांची एक डमी (नमुना प्रत) छापून, दुमडून, कापून पाहिली. त्यात पुढच्या गोष्टी बिघडल्या. चित्रं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन केली होती, छापल्यावर रेघा करड्या आणि केसाळ दिसतात. घडीकडचे संवाद आत गडप होतात, आणि मधल्या पानांवरचे पानांचे आकडे कडेला अर्धे कापले गेले, पहिल्या-शेवटच्या पानांवरचे मात्र शाबूत आहेत. संवादांच्या फुग्यांत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. एका फुग्यात 'दुसऱ्या' हा शब्द रफार घेऊन आला.

शिवाय पानांचा हिशोब. आठ जणांना तीन-तीन दिली की २४ संपतात, मग मुखपृष्ठ कुठं? काहींचं म्हणणं आहे की सगळं एका '२४ तासांत कॉमिक्स' बैठकीत काढू. आणि प्रती किती काढाव्यात?

---

घडीमोड:

आधी पानांचा हिशोब लावा, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत हवीत, कारण एक ताव दुमडला की चार पानं होतात. २४ पानांत मुखपृष्ठाची चार बाजूंची पानं धरली तर गोष्टींना २० उरतात. म्हणजे चौघांना तीन आणि चौघांना दोन. हे वाटप वादाचं मूळ आहे. सरळ २८ पानं करा, सात ताव. पान १ मुखपृष्ठ, २ वर नावं आणि हक्कांची ओळ, ३ ते २६ गोष्टी, २७ वर पुढच्या उपक्रमाची माहिती, २८ मलपृष्ठ.

आता यातली खरी मेख. प्रत्येकाला तीन पानं म्हणजे गोष्टी ३, ६, ९, १२, १५, १८, २१ आणि २४ या पानांवर सुरू होणार. विषम पान उजवीकडे, सम पान डावीकडे. पान ३ वर सुरू होणारी गोष्ट: पहिलं पान उजवीकडे एकटं, वाचक पान उलटतो, मग दुसरं आणि तिसरं समोरासमोर एकदम दिसतात. पान ६ वर सुरू होणारी गोष्ट: पहिलं आणि दुसरं समोरासमोर, मग पान उलटल्यावर तिसरं. म्हणजे धक्का द्यायचा असेल तर पहिल्या प्रकारात तो दुसऱ्या पानावर ठेवावा लागतो आणि दुसऱ्या प्रकारात तिसऱ्यावर. उलट केलंत तर शेवटाची चौकट वाचकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात आधीच येते आणि गोष्ट मरते. म्हणून कोणाची गोष्ट कुठल्या पानावर हे चित्र काढायला बसण्याआधी ठरवा. चित्रं हातात आल्यावर क्रम लावणं हा सामूहिक अंकांचा सगळ्यात महागात पडणारा आळस आहे.

अंकाच्या मध्यावर १४-१५ ही जोडी एकाच तावावर, एकाच बाजूला येते. पण तुमच्या वाटपात १४ वर एक गोष्ट संपते आणि १५ वर दुसरी सुरू होते, तेव्हा दोन पानांवर पसरलेलं चित्र तिथं नाही बसणार. इतर कुठल्याही जोडीत दोन पानं वेगवेगळ्या तावांवर छापली जातात आणि घडी मिलिमीटरभर सरकली तरी चेहरा दुभंगतो. घडी ओलांडणारं चित्र या अंकात टाळाच.

तावांवरची मांडणी: तावाच्या एकाच बाजूला शेजारी छापायच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकाने जास्त, इथं २९. पहिल्या तावावर बाहेरून २८ आणि १, आतून २ आणि २७. पुढच्यावर २६ आणि ३, मग ४ आणि २५. अगदी आतल्या तावावर बाहेरून १६ आणि १३, आतून १४ आणि १५. सात कोरे कागद दुमडून एकात एक घाला, पेन्सिलीने १ ते २८ आकडे टाका आणि सुटे करा, मांडणी समोर दिसेल. घरच्या प्रिंटरवर दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटतो ही सेटिंग निवडा. लांब कडेची निवडली की मागची पानं उलटी येतात.

छापखान्यात देणार असाल तर आधी विचारा की पानं सुटी हवीत की जोडून. बहुतेक ठिकाणी जोडणी तेच करतात, तेव्हा १ ते २८ सुटी पानं एका पीडीएफमध्ये क्रमाने द्या. तुम्ही जोडलेली फाइल त्यांच्याकडे पुन्हा जोडली गेली तर अंक वाचता येत नाही.

---

काळी_रेघ:

केसाळ रेघांचं कारण असं. छपाईयंत्राकडे करडी शाई नसते, फक्त काळी असते. रेघेच्या कडेला स्कॅनरने जे करडे पिक्सेल धरले ते यंत्र बारीक ठिपक्यांनी दाखवतं, आणि तेच ठिपके केसांसारखे दिसतात. स्कॅन जेपीईजीत साठवला असेल तर रेघेभोवती धुरकट डागही येतात. उपाय म्हणजे रेघ छपाईआधीच निखळ काळी आणि निखळ पांढरी करणं.

स्कॅन ६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ. स्कॅनरची आपोआप धार काढण्याची सोय बंद. ए४ चं चित्र ए५ ला आणलं की ते ७०.७ टक्क्यांवर येतं आणि ६०० चे साधारण ८५० डीपीआय होतात. पान सरळ करा, लेव्हल्सने कागदाचा करडेपणा घालवा, छापायच्या मापाला १२०० डीपीआयवर न्या आणि सगळ्यात शेवटी थ्रेशोल्ड (ठरवलेल्या आकड्यापेक्षा गडद ते काळं, फिकट ते पांढरं) लावून एका बिटची, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्या पिक्सेलांची, बिटमॅप फाइल करा. हा क्रम मोडू नका. थ्रेशोल्ड आधी लावून मग पान फिरवलं तर तिरक्या रेघांना पायऱ्या पडतात. थ्रेशोल्डचा आकडा १२८ पासून सुरू करा आणि पानावरची दोन ठिकाणं मोठी करून बघा, सगळ्यात बारीक रेघ आणि सगळ्यात दाट छटारेघा. रेघ तुटत असेल तर आकडा वाढवा, छटारेघांमधली जागा बुजत असेल तर कमी करा. दोन्ही एकदम होत असेल तर दोष चित्रात आहे. मूळ चित्रात ०.३ मिमीचं पेन ए५ वर ०.२१ मिमी होतं, ते चालतं. पण दोन छटारेघांमधली पांढरी जागा छापल्यावर ०.२ मिमीच्या खाली गेली की टोनर (लेझर प्रिंटरची काळी पूड) ती भरून टाकतो.

निळ्या पेन्सिलीचा कच्चा आराखडा खोडायची गरज नाही. रंगीत स्कॅन करा आणि त्याच्या लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलांपैकी फक्त निळा ठेवा. फिकट निळा त्यात पांढऱ्याजवळ जातो आणि शाई काळीच राहते. लाल पेन्सिल असेल तर लाल चॅनल.

करड्या छटा ज्यांना हव्यातच त्यांनी त्या वेगळ्या थरावर भरून ठिपक्यांच्या जाळीत बदलाव्यात. १२०० डीपीआयला इंचाला ६० ओळींची जाळी, ४५ अंशांत, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला २० बाय २० पिक्सेल येतात. त्यानंतर पानाचं माप एक टक्काही बदलू नका, नाहीतर जाळीवर लाटा उमटतात. आठही जणांची जाळी एकच ठेवा, अंक एका हाताचा वाटतो.

पीडीएफमधला काळा रंग फक्त काळ्या शाईचा असावा. आरजीबीतून (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतून) बदललेला काळा चार शाया मिळून बनतो आणि जरा जुळणी हलली की अक्षरांना रंगीत कडा येतात.

---

अक्षरजोड:

फुग्यांचा प्रश्न ओळींच्या अंतराचा आहे. रोमन लिपीसाठी सॉफ्टवेअर स्वतःहून अक्षरमापाच्या १२० टक्के अंतर ठेवतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. १३५ ते १५० टक्के ठेवा आणि 'र्की', 'ट्टू', 'र्में' असे तुकडे असलेली ओळ तपासून मगच आकडा पक्का करा. अक्षरमाप छापील अंकात ९ पॉइंटच्या खाली नको. तेवढ्याच पॉइंटची देवनागरी रोमनपेक्षा बारीक दिसते.

मजकूर फुग्यात उभा मध्यावर आणताना मात्रा धरून मोजू नका. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचा पट्टा मध्यावर हवा, डोळा तोच बघतो. वरची-खालची ओळ आखूड, मधल्या लांब, म्हणजे फुग्याच्या गोलाईत बसतात. चार ओळींवर गेलं तर दोन फुगे करा. शब्द तोडून पुढच्या ओळीत नेऊ नका, वाक्यच बदला.

'दुसऱ्या'चं असं झालं: र, हलंत, य असं टाइप केलं की 'आचार्य'मधला रफार मिळतो. 'आचाऱ्या'मधला आडवा अर्धा र हवा असेल तर नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग य. काही कळफलकांवर या ऱ ला स्वतंत्र कळ आहे. तेवढं करूनही चुकलं तर फॉन्ट बदला. मजकुराची भाषा मराठी निवडा, हिंदी नको. बऱ्याच फॉन्टांत 'ल' आणि 'श' यांची मराठी रूपं भाषा निवडल्यावरच येतात. मुक्त, बालू, कलम हे खुल्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट आहेत, त्यातला कलम हस्ताक्षरासारखा आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर कोणाकडून आला तर तो आधी बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर त्याची निरर्थक चिन्हं होतात.

पहिली वेलांटी अक्षरानंतर पडत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील तर दोष सॉफ्टवेअरच्या मजकूर-इंजिनाचा असतो. पानं मांडायला इनडिझाइन वापरत असाल तर त्यात 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. स्क्रायबस वापरत असाल तर १.५.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. संवाद चित्राच्या बिटमॅपमध्ये मिसळू नका, वरच्या थरावर जिवंत मजकूर म्हणून ठेवा आणि पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवा. शुद्धलेखनाची चूक छपाईच्या आदल्या रात्री सापडते, तेव्हा हे कामी येतं.

---

बोरूबहाद्दर:

अक्षरजोड यांच्या तांत्रिक मुद्द्यांशी सहमत, पण आठ वेगळे हात आणि सगळीकडे एकच फॉन्ट हे मला पटत नाही. चित्रातली रेघ आणि अक्षराची रेघ एकाच हाताची असली की पान एकजीव होतं, आणि देवनागरीला हे फार छान जमतं.

हाताने लिहायचं तर ए४ वर प्रत्येक ओळीला चार आडव्या रेषा आखा: वरच्या मात्रांची मर्यादा, २ मिमी खाली शिरोरेषा, तिथून ४ मिमी खाली अक्षराचा तळ, आणखी २ मिमी खाली उकारांची मर्यादा. ओळ ८ मिमीची, ए५ वर ती साधारण ५.७ मिमी होते. पुठ्ठ्यावर या रेषांच्या खाचा पाडून एक पट्टी करा आणि आठही जणांनी तीच वापरा, म्हणजे हात वेगळे राहतात आणि अक्षराचं माप एक राहतं. आधी अक्षरं, मग फुग्याची रेघ, मग त्यामागचं चित्र. उलटं केलं की शेवटचे दोन शब्द कायम चिरडले जातात.

आवाजाची अक्षरं तर हातानेच काढा. 'धडाम्'ची शिरोरेषा एका टोकाला जाड सुरू करून म् पाशी चिरफाळली तर आदळण्याची दिशा त्या एका रेघेत येते. 'सुर्रर्र'मध्ये शिरोरेषा लांबवून ती पळणाऱ्याच्या मागची गतिरेषा करता येते. आपल्या लिपीला ही आडवी रेघ आयती मिळाली आहे, कॉमिक्समध्ये तिचा वापर अजून फार कमी होतो.

---

रेघोट्या:

२८ पानांचं सगळ्यांना पटलंय, सुरुवातीची पानं चिठ्ठ्या टाकून वाटतोय. हाताने की फॉन्ट हे ज्याचं त्याने ठरवायचं, पट्टी मात्र एकच. आकडे का कापले गेले ते अजून कळलं नाही. आणि कागद?

---

पिनकाम:

आकडे कापले गेले ते कागदाच्या जाडीमुळे. ताव एकात एक घातले की आतले ताव बाहेर ढकलले जातात. १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम) न चकाकणारा कागद साधारण ०.१३ मिमी जाड, मुखपृष्ठाचा २०० जीएसएमचा ०.२ च्या वर. २८ पानांच्या अंकात सगळ्यात आतला ताव जवळजवळ १ मिमी पुढे येतो. कडा सरळ करायला पुढून २ मिमी कापलं की मधल्या पानांतून ३ मिमी जातात. आकडा कडेपासून अडीच मिमीवर असेल तर मधल्या पानांत तो पात्याखालीच आहे. पहिली-शेवटची पानं बचावतात ती याचसाठी.

तेव्हा छापील मापात बाहेरची कड ८ मिमी, वर-खाली ८ आणि घडीकडे १२ मिमी मोकळं. ए४ च्या मूळ चित्रात हे साधारण ११, ११ आणि १७ मिमी होतं. घडीची बाजू विषम पानावर डावीकडे, सम पानावर उजवीकडे. दोन वेगळ्या चौकटी छापून आठही जणांना द्या, वर ठळक 'डावं पान', 'उजवं पान' लिहा.

चित्र कागदाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचं चित्र लागतं, ए४ च्या मापात ४.२ मिमी. मग मूळ कागद ए४ पुरत नाही, ए३ वर ए४ ची चौकट आखावी लागते. छपाईही ए४ वर होत नाही, ३२० बाय ४५० मिमीच्या तावावर करून कापावी लागते. पहिल्या अंकाला हा व्याप नको, पांढरी कड ठेवा.

आत ९० ते १०० जीएसएम, न चकाकणारा. ८० च्या कागदातून मागचं काळं दिसतं. मुखपृष्ठ १७० ते २००. घडी घालण्याआधी कागदाची दिशा बघा. तुकडा एका बाजूने ओला करा, तो ज्या अक्षाभोवती गोल वळतो ती तंतूंची दिशा. घडी तंतूंना समांतर असेल तर गुळगुळीत बसते, आडवी असेल तर फुटते. बाजारातल्या ए४ चे तंतू बहुधा लांब बाजूने जातात आणि आपली घडी बरोबर त्याच्या आडवी येते. म्हणून मुखपृष्ठावर आधी बोथट अवजाराने पट्टी धरून खाच पाडा, खाचेचा फुगवटा घडीच्या आत ठेवून दुमडा. घडीवर गच्च काळा भाग नको, टोनर तिथं तडकून पांढरी रेघ येते.

पिना २६/६ च्या पुरतात. ए५ ची घडी २१० मिमी लांब, दोन्ही टोकांपासून साधारण ५२ मिमीवर एकेक पिन. लांब हाताचा स्टेपलर नसेल तर खाली नालीदार पुठ्ठा ठेवा, साधा स्टेपलर पूर्ण उघडून बाहेरून बरोबर घडीवर पिन दाबा, अंक उचला आणि आतून टोकं चमच्याच्या पाठीने वळवा. पिन घडीच्या बाजूला पडली की अंक कधी सपाट उघडत नाही, म्हणून आतल्या तावाला घडीवर टाचणीने दोन खुणेची भोकं पाडून ठेवा. कापताना पोलादी पट्टी, नवं पातं आणि हलक्या हाताच्या पाच-सहा फेऱ्या. एका दाबात कापायला गेलं की खालची पानं तिरकी जातात.

---

टेबलावरून:

प्रतींचा हिशोब विकण्यापासून सुरू करू नका. आठ जणांना तीन-तीन प्रती म्हणजे २४ आधीच गेल्या. ६० काढल्या तर टेबलावर ३६ येतात, पहिल्या अंकाला तेवढ्या पुरे. फाइल तुमच्याकडेच आहे, लागल्या तर पुन्हा छापता येतील. आतले ताव ६० गुणिले ६ म्हणजे ३६०, खराब जाणाऱ्या चार संचांचे २४ धरून ३८४. पाचशेच्या एका रिममध्ये बसतं. मुखपृष्ठाचे ६४.

२४ तासांचं आव्हान स्कॉट मॅक्लाउडने १९९० मध्ये मांडलं, २००४ पासून त्याचा वेगळा दिवसही पाळला जातो. पण त्याचा नियम आहे एका व्यक्तीने सलग २४ तासांत २४ पानं, आधी काहीही न आखता. तुम्ही आठ जण तसं बसलात तर १९२ पानं होतील. तुम्हाला प्रत्येकी तीनच हवीत, त्याला आठ तासांची बैठक पुरते: पाऊण तास कच्चे आराखडे, दोन तास अक्षरं आणि पेन्सिल, साडेतीन तास शाई, पाऊण तास काळे भाग आणि दुरुस्त्या, शेवटचा एक तास राखीव. स्कॅनिंग शेवटाला ठेवू नका. ६०० डीपीआयला पान ठेवणं, स्कॅन आणि फाइलचं नाव धरून तीन मिनिटं जातात, २४ पानांचे ७२ मिनिटं, आणि स्कॅनर एकच. पान झालं की लगेच द्या. पण शाई हाताला कोरडी लागली तरी गच्च काळा भाग ओला असतो, तो काचेवर उमटतो आणि पुढच्या सगळ्या पानांवर डाग येतो. फाइलचं नाव छापील पानाच्या आकड्याने, चित्रकाराच्या नावाने नको.

पान २ वर 'प्रत्येक गोष्टीचे हक्क त्या त्या चित्रकाराकडे' एवढं छापा, आणि पुनर्मुद्रण चालेल का, ऑनलाइन टाकायचं का, यांची उत्तरं आठही जणांकडून बैठकीआधी लेखी घ्या.

अर्धं टेबल म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर. ३६ प्रती पसरू नका. दहाची एक चळत, एक प्रत उभी, आणि एक प्रत 'वाचण्यासाठी' अशी चिठ्ठी लावून पान ४-५ वर उघडी, कारण तिथं दोन पूर्ण पानं समोरासमोर आहेत आणि पान ३ वरच्या गोष्टीचा धक्का पान ४ वर आहे. थांबा, तोच आधी फुटायचा. पान ६-७ उघडा, ती गोष्ट तिथं सुरू होते आणि पुढचं बघायला पान उलटावं लागतं. टेबलामागे एका वेळी दोघंच.

मेळ्याची बातमी गटाबाहेर पाठवताना मुखपृष्ठासोबत आतलं एक पूर्ण पान जोडा, तारखेसोबत वार लिहा. आणि पुढच्या अंकासाठी तारीख शोधत असाल तर ५ मे धरा, व्यंगचित्रकार दिन. १८९५ मध्ये त्या तारखेला 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात 'यलो किड' हे व्यंगचित्रातलं पात्र रंगीत छापून आलं होतं. त्या आठवड्यात स्थानिक वृत्तपत्रं व्यंगचित्रांवर काही ना काही छापायला बघत असतात, तुमचा अंक तेव्हा त्यांच्या हातात असू द्या.

---

रेघोट्या:

चिठ्ठ्या टाकून झाल्या. डाव्या-उजव्या चौकटी आज रात्री छापतो, आणि सात कोऱ्या तावांची डमी बैठकीच्या टेबलावर ठेवतो, म्हणजे ज्याला शंका येईल त्याने पान उलटून बघावं.